कुंडीस उद्देशून

जे ज्याला सांगायचं ते त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगता येणं, यालाच संस्कृती म्हणतात. रानटी माणसाला शेजाऱ्याचा राग आला की तो शेजाऱ्याकडे जाई आणि डोक्यात दगड घाली. पुढे माणूस सुधारला आणि शेजाऱ्याकडे जाऊन नुसता बोलू लागला. त्याहून सुधारला तेव्हा त्याने जाणंही सोडलं. तो स्वतःच्या अंगणात उभा राहून, स्वतःच्याच माणसांशी, पण शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागला. सुधारणेच्या या शेवटच्या पायरीवर आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पाय रोवून उभं आहे. लेकीला बोलायचं आणि ते सुनेला लागायचं, अशी ही साधी, बिनखर्चाची पद्धत. (माझ्या आईला लेकही नव्हती आणि तेव्हा सूनही नव्हती, तरी तिचं काही अडलं नाही. ती मांजराला बोलायची आणि वडील कामाला लागायचे.)

नोकरीही मला साजेशी मिळाली. मी एका मोठ्या कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षात आहे. आमच्याकडे तक्रार आली की ती ज्याच्याविरुद्ध असेल तो सोडून इतर सर्व विभागांना आम्ही 'माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव' पाठवतो. तक्रारदार थकला की तक्रारीचं निवारण झालं असं समजण्यात येतं. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, असं माझे वरिष्ठ म्हणतात. मला म्हणत नाहीत, माझ्यासमोर शिपायाला म्हणतात.

अशा अनुभवी माणसाच्या गेटसमोर नव्या शेजाऱ्यांनी गाडी लावली.

गेट आमचं लहानच आहे. त्यातून सिमेंटचा एक उतार रस्त्याला लागतो आणि त्या उतारावरून आमची गाडी सकाळी बाहेर पडते, संध्याकाळी आत येते. नव्या शेजाऱ्यांची गाडी मात्र लांबलचक. ती त्यांच्या भिंतीला लागून सुरू व्हायची आणि आमच्या अर्ध्या गेटवर येऊन संपायची. अर्धं गेट उरायचं. अर्ध्या गेटातून अर्धी गाडी काढता आली असती तर प्रश्नच नव्हता.

आता आमच्या गाडीबद्दल थोडं. गाडी माझ्या नावावर आहे, पण चालवते बायको. मला येत नाही. (शिकलो होतो. शिकवणाऱ्याने धंदा बदलला.) बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, तिला सकाळी लवकर पोचावं लागतं. ती आधी मला कार्यालयात सोडते आणि मग पुढे जाते. मी शेजारच्या सीटवर बसतो आणि जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक दाबत असतो. त्या वेळात ती बोलते. सुई पाहून कोण धिप्पाड गडी आडवा झाला, साहेबांनी केस कसे रंगवले आणि कानही कसे रंगले, असं काहीबाही. घरी टीव्ही असतो, फोन असतात, धुणं-भांडी असतात. गाडीत आम्ही दोघंच असतो. अख्ख्या दिवसात मला मनापासून आवडणारी एवढीच एक गोष्ट होती. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, हे ओघाने आलंच.

"मी जाऊन सांगू का त्यांना?" पहिल्याच दिवशी बायको म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"तोंडावर?" मी म्हणालो. "अगं, नवी माणसं आहेत. काय म्हणतील!"

"म्हणतील, बरं, काढतो गाडी."

बायकोचं माहेर असं सरळ बोलणाऱ्यांचं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मुळातलं जात नाही. मी तिला समजावलं की हे प्रकरण नाजूक आहे आणि ते रीतसर हाताळायला हवं. होतकरूंच्या सोयीसाठी या रीतीचे नियम इथे देतो.

एक. ऐकणारा आपला असावा, कान परक्याचा.

दोन. नाव घेऊ नये. 'काही लोक' असं म्हणावं. ('काही लोक' या गटात नेहमी एकच माणूस असतो आणि त्याला ते कळतं.)

तीन. बोलणं संपताच आत निघून जावं. उत्तर येण्याची वाट पाहणं हा असभ्यपणा आहे.

चार. परिणाम न झाल्यास आवाज वाढवावा, पद्धत बदलू नये.

ऐकणारा म्हणून मी आधी गेटजवळची कोरफडीची कुंडी निवडली. कोरफड मुळात सोशिक. रोज सकाळी तिला पाणी घालत मी म्हणू लागलो, "तुझं बरं आहे बाई. दिली तेवढ्या जागेत राहतेस. काही लोकांना आपलं अंगण सोडून दुसऱ्याच्या दारात पसरल्याशिवाय चैन पडत नाही!" शेवटचं वाक्य शेजारच्या खिडकीकडे तोंड करून. कुंडी दुसऱ्या बाजूला होती, पण तिने गैर मानलं नाही.

त्या खिडकीत शेजारचा तरुण बसलेला असायचा. तो घरूनच काम करतो. त्याच्या डोक्यावर कायम मोठे हेडफोन, म्हणून आम्ही त्याला हेडफोन म्हणायला लागलो. मी बोलू लागलो की तो गंभीरपणे मान हलवायचा. एकदा तर मी 'माणसाला जनाची नाही तर मनाची' इथपर्यंत आलो आणि त्याने अंगठा उंचावून दाखवला. मी खूश झालो. बाण बरोबर लागला होता. गाडी मात्र हलली नाही. मान डोलवून सगळं मान्य करायचं आणि करायचं काहीच नाही, हे तर आमच्या कक्षाचं ब्रीद. शेजारी तोलामोलाचा मिळाला आहे, असं मी बायकोला अभिमानाने सांगितलं.

"त्याला ऐकू तरी जातंय का?" तिने विचारलं.

बायकांना तपशिलात शिरायची सवय असते. मी चौथ्या नियमावर आलो. कुंडीचा परिणाम होत नव्हता, तेव्हा ऐकणारं माणूसच हवं होतं. घरात दुसरं माणूस एकच.

झालं असं, की बायको रोज सकाळी त्या अर्ध्या गेटातून गाडी तिरकी घेऊन, पुढेमागे, पुढेमागे करत कशीबशी बाहेर काढायची. मी गेटात उभा राहून तिला ओरडायचो. "अगं, किती वेळा सांगायचं तुला! दुसऱ्याच्या दारात गाडी घालू नये, एवढी साधी अक्कल नाही? शिकलेल्या घरातली ना तू? कोणी काही बोलत नाही म्हणून काय वाटेल तसं वागायचं?"

ती काच खाली करून हळूच विचारायची, "हे मला?"

"तुला नाही गं," मी तोंड न हलवता सांगायचो. "तू फक्त मान खाली घाल."

सुरुवातीला तिला हसू यायचं. चेहरा लपवायला ती स्टेअरिंगवर डोकं टेकायची. ते लांबून फार परिणामकारक दिसायचं. मग एक दिवस आमचा आरसा गेटला घासला आणि तुटून लोंबू लागला. ती खरोखर हिरमुसली. मी म्हटलं, लोखंड तापलं आहे, आणि सगळा दारूगोळा एकदम वापरला. "डोळे फुटलेत का? सगळ्या गल्लीला त्रास! तुझ्यासारख्या माणसांमुळे चांगल्या माणसांना जगणं कठीण झालंय!" त्या दिवशी ती हसली नाही. गाडीतही काही बोलली नाही. मी सगळे ब्रेक मुकाट्याने दाबले.

माझ्या मोहिमेत एक किरकोळ त्रुटी राहिली होती. भाषणांचा रोख खिडकीवर होता, पण खिडकीच्या खाली, व्हरांड्यात, हेडफोनची आई विणकाम करत बसायची. तिला आम्ही मावशी म्हणतो. खिडकीतला माणूस एक शब्द ऐकत नव्हता आणि व्हरांड्यातली बाई एक शब्द सोडत नव्हती. शेजारचा काका कुंडीशी साखरेसारखा बोलतो आणि बायकोला जनावरासारखं वागवतो, असा अहवाल मावशींनी घरात सादर केला. हाती असलेला पुरावा पाहता मीसुद्धा दुसरा निष्कर्ष काढला नसता.

अहवालावर कार्यवाही सूनबाईंनी केली. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत, म्हणजे ज्यांचं अंग वाकत नाही त्यांना वाकवतात. एका सकाळी त्या गेटात आल्या आणि माझ्याकडे मुदत संपलेल्या औषधाकडे बघावं तसं बघून बायकोला म्हणाल्या, "काकू, चला, मी सोडते तुम्हाला. माझं क्लिनिक तुमच्या लॅबच्या पुढेच आहे. गाडी काय, तुमच्या दारातच उभी असते."

"अगं, कशाला तुला त्रास?"

"त्रास कसला? आणि काकू," त्यांनी बायकोचा हात हातात घेतला, "आमचं दार तुमच्यासाठी कधीही उघडं आहे. कधीही या. काही सांगायची गरज नाही."

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेजारणीकडे. तिला सगळं समजलं. शेजाऱ्यांना काय समजलंय तेही समजलं. गैरसमज दूर करायला तिला एक वाक्य पुरलं असतं, आणि ती तर सरळ बोलणाऱ्या घरातली. ती म्हणाली, "किती गुणाची गं तू," आणि गाडीत बसली.

मी बसने गेलो.

या व्यवस्थेचे फायदे मान्य केलेच पाहिजेत. बायको वेळेवर पोचू लागली. आमच्या गाडीचं पेट्रोल शंभर टक्के वाचलं. दोन घरांतले संबंध दुपटीने सुधारले (माझा अपवाद धरूनही सरासरी चांगली पडते). आणि गेटच्या बाबतीत म्हणाल तर तिथेही हालचाल झाली. बिचारीला सकाळी सकाळी दोन पावलं तरी कशाला चालायला लावता, असं मावशींनी सुचवलं, आणि गाडी बायकोला गेटातून थेट चढता यावं अशी, नीट आमच्या पूर्ण गेटसमोर लागू लागली. मोहिमेपूर्वी अर्धं गेट अडत होतं. माझ्या अथक प्रयत्नांनी ते पूर्ण अडलं.

बसबद्दल माझी तक्रार नाही. बसमध्ये माणूस कोणाच्या तरी बगलेत तोंड घालून विचार करू शकतो. मी विचार करायचो, आत्ता ती काय सांगत असेल? साहेबांचे केस? नवा कोणी आडवा झाला का? संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारायचो, "काय विशेष?" ती म्हणायची, "काही नाही." विशेष सगळं सकाळीच शेजारणीला सांगून संपलेलं असायचं. मला वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं. म्हणून मी अंगणात जाऊन कोरफडीला म्हणायचो की हल्ली काही लोकांचं घरात लक्ष नाही. कोरफडीला त्या दिवसांत इतकं पाणी मिळालं की ती कुजायला लागली.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बायकोने मला धरलं. गॅसवर दूध होतं.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" ती म्हणाली. "एकदा सरळ सांगून टाका बघू."

मी तोंड उघडलं. वाक्य अगदी ओठांवर होतं. 'मला तुझ्याबरोबर गाडीत बसायचंय.' यात अवघड शब्द एकही नाही. मी दुधाकडे वळून म्हणालो, "काही लोकांना घरच्या माणसाची आठवणसुद्धा होत नाही."

मग तीही दुधाकडे वळली. "सांग गं त्यांना," ती दुधाला म्हणाली, "देवाने तोंड दिलंय ते नुसतं जेवायला नाही."

"काही लोकांनी गैरसमज तसाच राहू दिला, त्याचं काय?"

"काही लोकांनी तो रोज गेटात उभं राहून ओरडून ओरडून केला, त्याचं काय?"

आम्ही दोघं दुधाशी बोलत होतो आणि दोघांचंही दुधाकडे लक्ष नव्हतं. ते उतू गेलं.

तेव्हा मी ठरवलं की झालं तेवढं पुरे, आता शेजाऱ्याकडे जायचं आणि सरळ सांगायचं. 'तुमची गाडी जरा पुढे घ्या.' कार्यालयात मी या वाक्याचा सराव केला. पहिल्यांदा ते फार जोरात निघालं आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने घाबरून खुर्ची पुढे घेतली. म्हणजे सरळ बोलण्याने काम होतं. मला हे या वयात कळत होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्यांची बेल वाजवली. हेडफोनने दार उघडलं आणि डोक्यावरचं यंत्र काढलं. त्याचे कान मी पहिल्यांदाच पाहिले. चांगले होते.

"या ना काका. काय म्हणताय?"

"तुम्ही ऐकत होतात ना?" मी विचारलं. वाक्य हे ठरलं नव्हतं, पण निघालं. "मी गेटपाशी बोलायचो ते. तुम्ही मान हलवायचात."

"गेटपाशी? अच्छा, सकाळी! काका, तेव्हा माझी मीटिंग असते हो. ऐकू काही येत नाही, पण दिसायचात तुम्ही. मी हिला म्हणालोसुद्धा, बघ, काका किती प्रेमाने झाडाशी बोलतात."

आतून विणकामाच्या सुयांचा आवाज थांबला. "हो रे बाळा," मावशी मुलाला म्हणाल्या, "झाडांना जपणारी माणसं मोठी हो. बायका काय, त्यांना पाणी घालावं लागत नाही."

म्हणाल्या त्या मुलाला. वर्मी लागलं मला. इतक्या सफाईने, नाव न घेता, टाका न चुकवता! मी मनातल्या मनात हात जोडले. आयुष्यभर ज्या विद्येचा मी अभिमान बाळगला तिची खरी जाणकार माझ्या डोळ्यांदेखत विणत बसली होती आणि मी भाषणं करत होतो खिडकीसमोर.

"काम काय होतं काका?" हेडफोनने विचारलं.

'तुमची गाडी' हे दोन शब्द मी मनात म्हटले. बाहेर आलं ते असं, "थोडं दूध मिळेल का? आमचं उतू गेलं."

त्याने पेलाभर दूध दिलं आणि हळूच म्हणाला, "काका, काकूंशी जरा प्रेमाने वागा." पाहा, एवढासा पोरगा आणि तोंडावर बोलला. मी मान हलवली आणि अंगठा उंचावून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीची गाडी रीतसर आमच्या पूर्ण गेटसमोर उभी होती. बायको पुढच्या सीटवर बसली. मी डबा घेऊन बसस्टॉपकडे निघालो होतो. दोन पावलं गेलो आणि परत आलो. काच खाली होती. माझ्या तोंडून निघालं, "मागे जागा आहे का?"

शेजारणीने बायकोकडे पाहिलं. बायको समोर पाहत होती.

"आहे की," ती समोरच्या काचेला म्हणाली.

मागच्या सीटवर दोन कुबड्या आणि एक मोठा रबरी चेंडू होता, व्यायामाचा. त्यांच्यामध्ये मी बसलो. तेव्हापासून मी रोज तिथे बसतो. अर्जदार स्वतःच आक्षेपार्ह वाहनातून प्रवास करत असल्याने सदर तक्रार दप्तरी दाखल करण्यात आली आहे. आमची स्वतःची गाडी आत उभी असते. तिची बॅटरी उतरली आहे, पण आता तिला बाहेर काढायला वाटही नाही, त्यामुळे दोन्ही अडचणी एकमेकींना सांभाळून घेतात. संध्याकाळी शेजारणीला गाडी लावताना मागचं दिसत नाही, म्हणून मी रस्त्यावर उभा राहून हात दाखवतो. "येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडी. बास!" माझ्याच गेटसमोर ती बोटभरही इकडेतिकडे लागत नाही.

पहिल्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. गाडी सुरू झाली आणि बायको शेजारणीला काहीतरी सांगू लागली. "काय सांगू तुला, घरी आलं की इतकं शांत शांत वाटतं बघ. वाटतं, संध्याकाळी कोणीतरी म्हणावं, चल गं, एक चक्कर मारून येऊ, पायीच."

शेजारीण हातभर अंतरावर बसली होती. तिच्यासाठी एवढ्या मोठ्याने बोलायची काहीच गरज नव्हती. मी वर पाहिलं तर पुढच्या आरशात बायकोचे डोळे होते आणि ते माझ्याकडे पाहत होते. सरळ बोलणाऱ्या घरातली बाई, पण इतक्या वर्षांच्या संगतीने तयार झाली होती. मला इतका आनंद झाला की मी जोरात ब्रेक दाबला आणि माझ्या धक्क्याने तो रबरी चेंडू पुढे जाऊन शेजारणीच्या मानेवर आदळला.

त्या संध्याकाळी मी चपला घालून अंगणात गेलो आणि उरल्यासुरल्या कोरफडीला सांगितलं की काही लोक फिरायला निघालेत. आतून बायकोने बहुधा आरशाला सांगितलं की काही लोक पाच मिनिटांत येतायत. आम्ही पार कालव्यापर्यंत गेलो. साहेबांनी आता मिशाही रंगवल्या आहेत, हे मला सगळ्यात आधी कळलं.

तर असा हा वाद मिटला. तुम्ही हसला असाल, हसा. माणसाने दोन शब्द सरळ बोलू नयेत म्हणजे काय, असंही म्हणाला असाल. पण आता तुम्ही काय करणार आहात ते मला ठाऊक आहे. यातला एखादा तुकडा तुम्ही घरात कोणाला तरी वाचून दाखवाल. "ऐक ना, काय लिहिलंय बघ," असं म्हणाल आणि जरा मोठ्यानेच वाचाल. ज्याला वाचून दाखवाल त्याचा त्या तुकड्याशी काडीचाही संबंध नसेल. तो असेल पलीकडच्या खोलीत बसलेल्या माणसासाठी. माझं काही म्हणणं नाही. फक्त वाचताना मधलं दार उघडं ठेवा. नीट ऐकू गेलं नाही तर ते माणूस उठून तुमच्यासमोर येऊन उभं राहील, आणि विचारील, काय म्हणालात?